घर बंद होतं, कुत्राही नव्हता, मग पिसवा आल्या कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणजवळ जांभ्याच्या चिऱ्यांचं जुनं घर, पुढे पडवी, आत शहाबादी फरशी. अडीच वर्षांचा गावठी कुत्रा पडवीत गोणपाटावर झोपतो, मांजर मात्र घरभर फिरतं. पावसाळ्यात कुत्रा खाजवायला लागला, अंगावर पिसवा दिसल्या, म्हणून औषधी शाम्पूने दोनदा आंघोळ घातली. गणपतीनंतर पंधरा दिवस सगळे मुंबईला गेलात, कुत्रा भावाकडे ठेवलात आणि निघण्याआधी घरात फवारणी करून घेतलीत. परत येऊन दार उघडलं आणि दहा मिनिटांत सगळ्यांचे घोटे लाल. घरात आठ महिन्यांचं बाळ रांगतंय, सासूबाई म्हणताहेत कुत्रा वाडीत नेऊन सोडा. आणि तुम्ही विचारताय, शाम्पू कोणता चांगला?

शाम्पूचं जरा बाजूला ठेवू. तुमच्या हकिगतीत खरा प्रश्न दुसराच आहे आणि तो तुम्ही ओझरता लिहून पुढे गेलात. घर बंद होतं, कुत्रा भावाकडे, मांजर शेजारी, आणि तरी घरात पिसवा होत्या, त्याही तुम्ही गेलात तेव्हापेक्षा जास्त. हे का झालं ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप ओळीने लागतं. मी रत्नागिरी जिल्ह्यातच प्रॅक्टिस करते. सुरुवात गुरांपासून झाली, आता बहुतेक कुत्री-मांजरंच येतात, आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर हीच तक्रार घेऊन निम्मे लोक येतात. त्यातले बहुतेक कुत्र्यावर उपाय करून थकलेले असतात, कारण पिसवांचा मोठा भाग कुत्र्यावर नसतोच.

कुत्र्याच्या अंगावर दिसते ती मोठी, रक्त पिणारी पिसू. एकदा कुत्र्यावर चढली की सहसा ती उतरत नाही, तिथेच खाते आणि तिथेच अंडी घालते. पहिल्यांदा रक्त प्यायल्यावर साधारण दीड दिवसात अंडी सुरू होतात आणि जोरात असताना एक मादी दिवसाला 40-50 घालते. अंडी मात्र केसांना चिकटत नाहीत. गुळगुळीत, पांढरी, अर्धा मिलिमीटरची ही अंडी कुत्रा चालेल, झोपेल, अंग झटकेल तिथे गळतात. त्यांच्याबरोबर पिसवांची काळी विष्ठाही गळते, म्हणजे कुत्र्याचंच वाळलेलं रक्त. काही दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि हे रक्त खाऊन वाढते. अळीला उजेड नको असतो. ती फटीत, गादीखाली, दिवाणाच्या मागे, गोणपाटाच्या विणीत सरकते. आठवडा-दीड आठवड्यात ती स्वतःभोवती कोष विणते. तो चिकट असतो, धूळ, केस, वाळू त्याला लागते आणि तो आसपासच्या कचऱ्यात मिसळून जातो. समोर असला तरी दिसत नाही.

सगळी गंमत या कोषात आहे. आतली पिसू आठवड्याभरात तयार होते, पण लगेच बाहेर येईलच असं नाही. बाहेर कुणी खायला मिळणार आहे का याची ती वाट बघते. पावलांची धमक, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यातलं काही जाणवलं की ती क्षणात कोष फोडून उडी मारते. काही जाणवलं नाही तर कित्येक आठवडे आत पडून राहते, गारव्यात चार-पाच महिनेसुद्धा. तुम्ही मुंबईला असताना अंडी अळ्या होत होत्या, अळ्या कोषात जात होत्या, आणि कोषातल्या पिसवा तयार होऊन थांबल्या होत्या, कारण घरात पाऊलच वाजत नव्हतं. तुम्ही बॅगा घेऊन आत आलात आणि त्या सगळ्या एकदम बाहेर पडल्या. कुत्रा जवळ नव्हता, म्हणून तुमचे घोटे.

एका घरातल्या सगळ्या पिसवा मोजता आल्या तर अंगावरच्या मोठ्या पिसवा ढोबळ मानाने शंभरात पाच निघतील. निम्मी अंडी, तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त अळ्या आणि उरलेले कोष. शाम्पू त्या पाचांवर चालतो आणि तोही त्या दिवसापुरता. अंग धुतलं, वाळलं की त्याचा असर संपला. संध्याकाळी कुत्रा त्याच गोणपाटावर जाऊन झोपला की नव्या पिसवा चढायला मोकळ्या. शाम्पूची कंपनी बदलून यात फरक पडत नाही.

फवारणीचं म्हणाल तर ती वाईट नव्हती, अपुरी होती. फवारणीवाले बहुतेक ठिकाणी पायरेथ्रॉइड गटातलं औषध मारतात. मोठ्या पिसवा आणि उघड्यावरच्या अळ्या त्याने मरतात, कोषातली पिसू मरत नाही. कोषाच्या आत पोचेल असं घरात वापरण्याजोगं कुठलंही औषध नाही. ही गोष्ट फवारणीवाल्याने सांगायला हवी, पण सहसा कुणी सांगत नाही. शिवाय औषध मारतात खोलीच्या मधोमध, जिथे आपण रोज फरशी पुसतो. दोन दिवसांत ते बादलीच्या पाण्याबरोबर मोरीत जातं आणि दिवाणाखाली फवारा पोचलेलाच नसतो.

म्हणजे आतापर्यंत एवढं पक्कं: कोष मारता येत नाहीत, ते फुटायची वाट बघावी लागते. फुटून बाहेर आलेली पिसू अंडी घालण्याआधी मेली पाहिजे. आणि नवी अंडी पडायची थांबली पाहिजेत. ही तिन्ही कामं एकाच वेळी करणारी गोष्ट घरात एकच आहे, ती म्हणजे तुमचा कुत्रा, अर्थात औषध दिलेला कुत्रा.

त्याआधी खात्री करा की या पिसवाच आहेत. ‘पिसवा झाल्यात’ म्हणून कुत्रा घेऊन येतात आणि कानात टपोरे गोचीड निघतात, हे नेहमीचंच. गोचीड एका जागी चिकटून बसतो आणि रक्त पिऊन फुगतो. पिसू तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते आणि केसांतून इतकी भरभर पळते की बोटाखाली येत नाही. दिसली नाही तरी तिची खूण सापडते. उवांसाठी वापरतो तशी बारीक दातांची फणी घ्या आणि कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी, कमरेवर, मांड्यांच्या मागे फिरवा. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर टाका. मिनिटभरात कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. नुसती माती असेल तर काळपटच राहील. मांजरालाही हेच करा. मांजर दिवसभर अंग चाटतं, पिसवा गिळून टाकतं, त्यामुळे त्याच्या अंगावर काही दिसत नाही आणि ‘मांजराला नाहीत’ असं म्हणून लोक त्याला वगळतात. मग सगळा कारभार मांजराच्या जिवावर चालू राहतो.

आता औषध. कुत्र्यांसाठी आज सगळ्यात भरवशाच्या आहेत त्या चघळायच्या गोळ्या: अफॉक्सोलेनर, सारोलेनर, फ्लुरालेनर ही त्यातली औषधांची नावं. पहिल्या दोन महिन्याला एक, फ्लुरालेनर साधारण बारा आठवडे चालते. औषध रक्तात असतं, पिसू चावली की काही तासांत मरते. अंडी घालायला तिला दीड दिवस लागतो हे वर सांगितलंय ते आठवा. या दोन वेळांमधल्या फरकावरच सगळा उपाय उभा आहे. गोचीडही यानेच मरतात, त्यामुळे आपल्याकडे हा सौदा चांगला. किंमत ऐकून लोक दचकतात हे खरं, पण दोन शाम्पू, एक फवारणी आणि मलमं यांची बेरीज तुम्ही केली असेलच.

गोळी सगळ्यांना चालत नाही. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये तशी सूचनाही काढली होती. अशा कुत्र्याला मी मानेवर थेंब टाकायचं औषध देते, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं. हे थेंब केसांवर नाही, केस बाजूला करून कातडीवर टाकायचे, खांद्यांच्या मधे, जिथे त्याची जीभ पोचत नाही. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. ‘फिप्रोनिलने काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी सकाळी शाम्पू करून दुपारी थेंब टाकलेले असतात. लहान पिल्लं, गाभण कुत्री, दूध पाजणारी कुत्री यांचं वजन आणि वय बघूनच ठरवावं लागतं, ते लिहून सांगण्यासारखं नाही. एवढं मात्र सांगते की पिल्लाच्या अंगावर पिसवा फार असतील आणि हिरड्या पांढऱ्या दिसत असतील तर वाट बघू नका. पिसवा रक्त पिऊन पिल्लू मारतात.

मांजराचं औषध वेगळं आणि मांजरासाठीच बनवलेलं. कुत्र्याचं उरलेलं अर्धं मांजराला, हे कधीच नाही. कुत्र्यांच्या काही थेंबांत आणि पावडरींत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. मांजर थरथरतं, लाळ गळते, झटके येतात आणि बरीच मरतात. तसं औषध कुत्र्याला लावलेलं असेल आणि मांजर त्याच्या कुशीत झोपत असेल, तरी धोका आहे.

ज्या दिवशी कुत्र्याला औषध, त्याच दिवशी मांजराला. आज एकाला आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याला, असं केलंत तर मधल्या काळात अंडी पडतच राहतात.

आता घर. तुमच्या घरात पिसवा कुठे आहेत हे शोधायला सगळं घर उलथं करायची गरज नाही, कुत्रा-मांजर कुठे झोपतात ते बघा. अंडी तिथेच सगळ्यात जास्त गळतात. पडवीतलं गोणपाट सरळ जाळून टाका किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. धुऊन काही उपयोग नाही, विणीत कोष अडकलेले असतात. त्याजागी जुनी चादर घाला, जी दर आठवड्याला गरम पाण्यात धुता येईल, 60 अंशांवर. मांजर ज्या गोधडीवर झोपतं तिलाही हेच. पायपुसणी आणि सतरंज्या उन्हात टाकताना नुसत्या वाळवू नका, उलट्यासुलट्या झटका. अळीला कोरडं सोसत नाही, हवेतला दमटपणा निम्म्याखाली गेला की ती मरते. कोकणात ऑक्टोबरच्या उन्हाचा एवढा एक उपयोग आहे.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर पहिले दोन आठवडे रोज, नंतर एक दिवसाआड फिरवा: दिवाणाखाली, भिंतीच्या कडेने, सोफ्याच्या खाचांत. तो अंडी ओढतो आणि त्याहून मोठं काम म्हणजे त्याच्या धडधडीने कोष फुटतात. ते आपल्याला हवंच आहे. पिशवी घराबाहेर रिकामी करा. व्हॅक्यूम नसेल तर जुना ब्रश आणि केरसुणी चालते, पण केर आतल्या कोपऱ्यात साठवू नका, लगेच बाहेर नेऊन जाळा. शहाबादीच्या सांध्यांमधलं सिमेंट उडालेलं असतं, त्या फटी हे पिसवांचं माहेर. बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवून त्या फटींत ब्रश फिरवा, उकळतं पाणी सोडा आणि वाळल्यावर पांढरं सिमेंट भरून टाका. हे एकदाच करायचं काम आहे आणि दर पावसाळ्यात उपयोगी पडेल. पडवीच्या चिऱ्यांमधल्या खाचांनाही असंच.

दुसरी फवारणी करू की नको, हे परिस्थितीवर आहे. कुत्रा-मांजराला नीट औषध मिळालं आणि घर आटोपशीर असेल तर मी बहुतेकांना फवारणी सांगत नाही. तुमच्याकडे बाळ आहे आणि पिसवा अंगावर चढताहेत, म्हणून एकदा करायला हरकत नाही. मात्र फवारणीवाल्याला विचारा की औषधात पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रिन आहे का. ही दोन औषधं पिसू मारत नाहीत, अंडी आणि अळी पुढे वाढू देत नाहीत, आणि त्यांचा असर कित्येक आठवडे टिकतो. दिवाण, कपाटं, सोफा ओढून त्यांच्या खाली आणि भिंतीलगत मारायला सांगा. सगळं वाळेपर्यंत बाळ, मांजर, कुत्रा बाहेर. फिश टँक असेल तर झाकून पंप बंद. आणि त्या कडा पुढचे काही दिवस पुसू नका, फक्त मधली जागा पुसा.

सासूबाईंचं म्हणणं आता घेते, कारण ते ऐकायला बरोबर वाटतं. कुत्राच गेला तर पिसवा उपाशी मरतील. तुमच्या घराने याचं उत्तर दिलंच आहे: कुत्रा पंधरा दिवस नव्हता आणि पिसवा वाढल्या. कुत्रा वाडीत सोडलात तर कोष फुटत राहतील आणि बाहेर येणाऱ्या पिसवा तुमच्यावर, बाळावर, मांजरावर जातील. औषध दिलेला कुत्रा घरात असला तर त्या आधी त्याच्यावर जातात. त्याचं अंग माणसापेक्षा गरम असतं आणि केसाळ अंगावर त्यांना राहता येतं. त्या चढतात, चावतात, मरतात. तो हिंडता-फिरता सापळा आहे. म्हणून एरवी पडवीत राहणाऱ्या कुत्र्यालाही हे दोन महिने आतल्या खोल्यांतून मुद्दाम फिरू द्या, असं मी सांगते. सासूबाईंना हे पटायला वेळ लागेल, पण माझ्याकडे अशा सासवा पुष्कळ येतात आणि सहाव्या आठवड्यात त्याच कुत्र्याला चपाती घालतात.

सहाव्या आठवड्यात म्हटलं ते उगाच नाही. सगळ्यात जास्त लोक हार मानतात ते तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. औषध दिल्यावर चार-पाच दिवस छान जातात, मग पुन्हा पिसवा दिसतात आणि फोन येतो: ‘मॅडम, गोळी चालली नाही.’ गोळी चाललेली असते. औषध देण्याआधी पडलेली अंडी आता पिसवा होऊन बाहेर येत असतात. आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत अंड्यापासून पिसूपर्यंत तीन-चार आठवडे लागतात आणि कोषातल्या काही त्याहून उशिरा निघतात. म्हणून दीड-दोन महिने एखाददुसरी पिसू दिसणारच. औषध चालतंय का ते ओळखायचं कसं? संध्याकाळी पांढरे मोजे घालून सगळ्या खोल्यांतून सावकाश फिरा, पिसवा मोज्यांवर ठळक दिसतात. दर आठवड्याला एकाच दिवशी हे करा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. किंवा रात्री ताटलीत साबणाचं पाणी घेऊन जमिनीवर ठेवा आणि वर दिवा लावा, पिसवा उजेडाकडे उडी मारून पाण्यात बुडतात. ताटलीने पिसवा संपत नाहीत, पण आकडा उतरतोय का ते कळतं. उतरत असेल तर काही बदलू नका. सहा आठवड्यांनंतरही आकडा तसाच असेल तर मी तीनच गोष्टी विचारते: मांजराचं औषध चुकलं का, गोळी कुत्र्याने नंतर कुठे ओकली का, आणि घराजवळ दुसरं कुणी जनावर येतं का.

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गावात बहुधा ‘हो’ असतं. शेजारचा कुत्रा पडवीत येऊन बसतो, माळ्यावर बोका राहतो, गोठ्यात शेळ्या असतात. कुत्र्या-मांजराची ही पिसू शेळीच्या अंगावरही मजेत जगते, आणि गोठ्याची सावलीतली, दमट, भुसभुशीत जमीन अळ्यांना फार मानवते. अशा घरांत पिसवा कायमच्या गेल्या असं होत नाही, कुत्रा-मांजराला वर्षभर औषध चालू ठेवलं की त्या त्रास देण्याइतक्या वाढत नाहीत, इतकंच. उघड्या अंगणात कडक ऊन पडतं तिथे काही करायची गरज नाही. फवारणी करायची झाली तर सावलीतल्या, जनावरं बसतात त्या जागांवर करा. विदर्भातून कुणी विचारतात तेव्हा मी वेगळं सांगते. तिथल्या उन्हाळ्यात बाहेरच्या अळ्या वाळून जातात, पण घरात कूलर दिवसरात्र चालतो, हवा दमट राहते आणि कूलरसमोरच्या पलंगाखाली पिसवा ऐन मेमध्ये वाढतात.

आता ज्या गोष्टी तुम्हाला शेजारपाजारचे सांगतील, त्यांच्याबद्दल पटकन. गोठ्यातलं गोचिडाचं औषध, डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन, अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओतणं: दर पावसाळ्यात यामुळे थरथरणारी कुत्री दवाखान्यात येतात. करू नका, आणि घरात मांजर असताना तर मुळीच नाही. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन: नेहमीच्या मात्रेत पिसवांवर त्याचा उपयोग नाही आणि कोली जातीच्या कुत्र्यांचा त्याने जीव जाऊ शकतो. रॉकेल आणि डांबराच्या गोळ्या: विष. फिनेलने रोज फरशी पुसली की पिसवा जातात असं नाही, मांजराचे पाय आणि जीभ मात्र भाजते. जुनी माणसं ‘ग्यामॅक्सिन पावडर’ म्हणतात ती बीएचसी नावाचं कीटकनाशक, भारतात 1997 पासून बंद आहे. कुणाच्या माळ्यावर डबा उरला असेल तर तो उघडू नका. लसूण खाऊ घालणं: कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, पिसवांना काही होत नाही. बोरिक पावडर फटीत भरणं काही ठिकाणी चालतं, पण तुमच्याकडे रांगणारं बाळ आहे. करंजेल आणि कडुलिंब यांना मी नावं ठेवत नाही, वासाने पिसवा थोड्या दूर राहत असतील, पण नुसत्या त्यांच्यावर घर साफ झालेलं मी पाहिलेलं नाही. आणि तेल चाटून कुत्र्याला जुलाब होतात.

कुत्र्याच्या खाजेबद्दल तुम्ही लिहिलंय की कमरेवरचे केस गेलेत आणि कातडी लाल, ओलसर झाली आहे. ही पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असण्याची दाट शक्यता आहे. कान, पंजे यांपेक्षा कंबर, शेपटीचं मूळ आणि मांड्या जास्त खराब झाल्या असतील तर आधी तीच समजायची. अशा कुत्र्याला दोन पिसवा चावल्या तरी आठवडाभर खाज राहते, म्हणजे घरातल्या पिसवा जवळजवळ संपल्या तरी त्याची खाज चालू राहील आणि तुम्हाला वाटेल उपाय फसला. ओलसर जखमेत जंतुसंसर्ग झालेला असतो, त्यामुळे त्याला एकदा दाखवून आणाच. खाज थांबवायची गोळी काही दिवस द्यावी लागेल, पण ती डॉक्टरांनीच ठरवू द्या. माणसांचं खाजेचं मलम लावू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं आणि तो ते चाटून पोटात घेतो.

सासूबाईंनी प्लेगचं काढलंय असं तुम्ही लिहिलंत. 1896 च्या मुंबईच्या प्लेगच्या गोष्टी कोकणात अजून घरोघर आहेत आणि 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्यात प्लेगचे रुग्ण सापडले होते हे त्यांना आठवत असेल. प्लेग मुख्यतः पसरवते ती उंदरांवरची पिसू, वेगळ्या जातीची. कुत्र्यावरच्या पिसवांमुळे एवढं घाबरायचं कारण नाही. घरात भराभर उंदीर मरून पडायला लागले तर मात्र ताबडतोब आरोग्य केंद्रात कळवा.

बाळाच्या बाबतीत मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. चाव्यांचे फोड आठवडाभरात बसतात, नखं कापून ठेवा म्हणजे खाजवून पिकणार नाहीत. पिसवा माणसाच्या केसांत राहत नाहीत, तेव्हा बाळाच्या डोक्याला कुठलंही औषध लावू नका. पण पिसूच्या पोटात एका चपट्या जंताची पिल्लं असू शकतात. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि तो जंत त्याच्या आतड्यात वाढतो. त्याचे तुकडे शेपटीखाली किंवा गादीवर शितांसारखे दिसतात, ताजे असताना हलतातही. नेहमीची जंताची गोळी त्याला पुरत नाही, प्राझिक्वांटेल असलेली लागते, आणि पिसवा जाईपर्यंत हा जंत परत परत होतो. रांगणारं बाळ जमिनीवरचं काहीही तोंडात घालतं. मेलेली पिसू गिळली तर त्यालाही तोच जंत होऊ शकतो. फारसं होत नाही, आणि औषधाने जातो. पण बाळाच्या शीमध्ये तसं शितासारखं काही दिसलं तर ते एका डबीत घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि घरात पिसवा झाल्या होत्या हे आवर्जून सांगा. ते माहीत नसलं तर पुष्कळदा सुतासारख्या बारीक जंतांचं औषध दिलं जातं आणि त्याने हा जंत जात नाही.